बिनविस्तवाचे नाना

आमच्या शेजारच्या नानांनी एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरातली गॅसची शेगडी उचलून अंगणात आणली, आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवर ठेवली आणि तिच्या दोन्ही बर्नरांवर पुदिन्याच्या दोन कुंड्या मांडल्या. मग चार पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून पाहिलं, डावी कुंडी बोटभर सरकवली आणि मला हाक मारली, "सर, बघा! आता कुठे ही शेगडी कामाला लागली."

मी तोंडातला ब्रश काढून विचारलं, "आणि स्वयंपाक?"

"बंद."

"म्हणजे आज बाहेर जेवण?"

"आजचा नाही हो. बठ्ठाच बंद. या घरात आता विस्तव पेटणार नाही."

नवरा-बायकोचं काहीतरी वाजलं असणार, संध्याकाळपर्यंत शेगडी आत जाईल, असं मी रेखाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. संध्याकाळ झाली, दिवाळीनंतरचा तो आठवडा गेला, महिना गेला. पुदिना दोन्ही बर्नर झाकून भिंतीवरून आमच्या बाजूला लोंबायला लागला. शेगडी काही आत गेली नाही.

नाना भुसावळजवळच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. चौतीस वर्षं तिथे काढून निवृत्त झाले आणि जळगावला आमच्या कॉलनीत घर बांधून राहिले. बॉयलरच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे नानांचं कुजबुजणं तीन घरं पलीकडे ऐकू जातं. एकदा त्यांनी मला 'फक्त तुम्हालाच सांगतो' म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानदाराबद्दल काहीतरी सांगितलं, तर दुकानदार तिथूनच ओरडला, "नाना, हे खोटं आहे हां!" मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो म्हणून नानांचा 'सर'. बाकी माझ्या भूगोलाबद्दल त्यांना काडीचा आदर नाही.

शेगडी का काढली, याचं त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "चौतीस वर्षं आगीला कोळसा चारला. पोट भरलं का तिचं? नाही भरलं. आता तिचा-माझा संबंध मिटला."

आणि मग खाणं काय? तर भिजवायचं, किसायचं, चिरायचं, कुटायचं. मोड आलेली मटकी, वर कांदा, लिंबू, हिरवी मिरची. पातळ पोहे कैरीच्या पाण्यात भिजवून त्यात ओलं खोबरं. कोवळी मेथी बारीक चिरून तिच्यात दाण्याचा कूट आणि कच्चं तेल. ज्वारीच्या लाह्या, काकडी, गाजर, मुळा, कोबी. फोडणी नाही. खान्देशी माणसाच्या घरात फोडणी नाही म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. आमच्याकडे आजारी माणसाच्या वरणालासुद्धा लसणाची फोडणी पडते आणि तो ठसका लागून बरा होतो.

दूधही गेलं. "दूध आलं की तापवणं आलं, तापवणं आलं की शेगडी आली," असं म्हणून त्यांनी दूधवाल्याला हात जोडले. दुधाबरोबर दही, ताक, तूप सगळं ओघानेच गेलं. शेंगदाणे भिजवून, मिक्सरमध्ये वाटून, फडक्यातून गाळून ते शेंगदाण्याचं दूध काढायचे आणि मला वाटीभर आणून द्यायचे. बरं लागायचं, खोटं कशाला बोलू. पण चहा गेला, ते मात्र मला पाहवलं नाही. साठीच्या पुढचा जळगावकर सकाळी सात वाजता अंगणात बसून पेल्यातून चिंचेचं पाणी पितोय!

"नाना, सवय कशी मोडली हो?"

"मोडायला काय लागतं? दातांना काम द्या, सर. माणूस चहा पितो, कारण दात रिकामे असतात."

दातांना काम द्या. हे वाक्य नाना दिवसातून वीस वेळा म्हणत. जे खाताना आवाज होत नाही, ते त्यांच्या लेखी अन्नच नव्हे. आता जळगावात राहून केळ्याशी वैर घेणं म्हणजे कमालच. त्यात त्यांची बायको, आमच्या सिंधूकाकू, चोपड्याकडच्या, माहेरी केळीची बाग. घड येऊन पडायचे. नाना ते आमच्याकडे ढकलत. फार तर केळ्याच्या फोडी मिरपुडीत आणि शेंगदाण्याच्या जाड कुटात घोळून खायचे, म्हणजे दाताखाली कुरकुर आणि जिभेला चटका.

एकदाच त्यांची हार झालेली मी पाहिली. कच्च्या वांग्याचं भरीत. आपलं ते हिरवं, दांडगं भरताचं वांगं त्यांनी किसलं, त्यात मीठ, लिंबू, मिरची, कांद्याची पात घातली आणि पहिला घास मला दिला. पुढचा अर्धा तास मी जीभ बाहेर काढून खाजवत होतो. नानांनी स्वतः एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाले, "सर, वांग्याला आगच पाहिजे. काही बाबतींत नाद सोडावा."

माझ्याशी त्यांचं खरं भांडण मात्र सोड्यावरून. माझी साखर जरा वर गेली, डॉक्टरांनी गोड तोडलं, तेव्हापासून मी बिनसाखरेच्या काळ्या सोड्याच्या डब्यांना लागलो होतो. दिवसाला तीन. रेखा बोलून थकली होती. एक दिवस नानांनी भिंतीवरून हात घालून माझा डबा काढून घेतला, खिशातून भिंग काढलं आणि बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. गल्ली ऐकत होती.

"साखर नाही. फळ नाही. मग गोड कशाने लागतं? आणि ही नावं बघा. अशी नावं आम्ही बॉयलरच्या पाण्यात टाकायच्या पावडरींच्या पोत्यांवर वाचायचो. तुमच्या पोटात काय गंज धरलाय का, सर?"

त्या दिवसापासून रोज चार वाजता, मी कॉलेजातून आलो की भिंतीवर एक पेला तयार. कधी लिंबू, आल्याचा रस, काळं मीठ आणि वरून गोटी सोडा. कधी चिंच, कुटलेलं कच्चं जिरं आणि शेगडीवरचा ताजा पुदिना. एकदा त्यात उभी चिरलेली हिरवी मिरची होती. मी घोट घेतला आणि सोडा नाकातून वर गेला. डोळ्यांत पाणी, कानांत शिट्ट्या. नाना टाळ्या पिटत होते. "नाकातून आला ना? आला ना? मग जमलं!"

ही त्यांची परीक्षा. पेय नाकात चढलं पाहिजे. मागे ओट्यावर बसलेल्या काकूही तसलाच पेला पिऊन डोळे पुसायच्या आणि हसायच्या. दोन महिन्यांत माझ्या फ्रिजमधले डबे संपले आणि नवे आणायचं राहून गेलं. हे मी नानांना अजून कबूल केलेलं नाही.

एप्रिलमध्ये तर नवाच वाद निघाला. दुपारी जळगावात गच्चीवर काहीही ठेवलं की ते शिजतं. नानांनी मटकी मोड यायला म्हणून गच्चीवर ठेवली, ती तासाभराने मऊ होऊन आली. मी म्हटलं, "नाना, ही शिजली. तुमचं व्रत मोडलं." नानांनी एक दाणा बोटांत दाबून पाहिला. मग म्हणाले, "आपण शिजवली नाही. ती आपणहून शिजली. तिची जबाबदारी तिच्यावर." टाकीतून नळाला उकळतं पाणी यायचं, त्यात त्यांनी पोहे धुतले नाहीत, माठातल्या पाण्यात धुतले. नियम म्हणजे नियम.

कॉलनीतल्या बायका काकूंवर हळहळायच्या. सिंधूकाकूंचा हात म्हणजे काय होता! त्यांची शेवभाजी, त्यांची डाळ, आणि सगळ्यांवर कळस म्हणजे त्यांचे मांडे. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत रुमालासारखा पातळ करायचा आणि पालथ्या खापरावर टाकायचा. असा हात असून ती बाई मुळे किसत बसते! "बिचारी. नवरा फिरला आणि बाईची कला वाया गेली," असं सगळ्या म्हणत. मीही म्हणायचो. काकू मात्र कोणी असं बोललं की पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणायच्या, "त्यांची हौस आहे. असू दे."

आता माझ्या हातून जे झालं ते सांगतो. ते झालं उन्हाळ्याच्या आधी, परीक्षांच्या दिवसांत.

मला परीक्षेच्या कामासाठी एरंडोलला पाठवलं होतं. नानांची थोरली बहीण तिथे असते. अख्खी भावकी तिला अक्का म्हणते आणि घाबरते. तिचा मुलगा परीक्षा केंद्राच्या फाटकाशी भेटला. "आमचे नानामामा बरे ना, सर?" मी नुकता चिंचेचा पेला आठवून तोंड कडू केलेला. म्हटलं, "काय सांगू तुम्हाला. त्यांच्या घरात चूल पेटत नाही." तेवढ्यात घंटा झाली आणि मी आत पळालो.

आता सांगा, मी खान्देशातच जन्मलेला माणूस, मला हे कळू नये? आपल्याकडे घरात चूल पेटत नाही म्हणजे एकच अर्थ. माणूस गेलं. मग भाऊबंद आणि शेजारी भाकरी-पिठलं घेऊन येतात, कारण त्या घरात विस्तव करायचा नसतो. पण मी पर्यवेक्षणाच्या गडबडीत, आणि डोक्यात मुळे.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आमच्या गल्लीत एक जीप येऊन थांबली. त्यातून अकरा माणसं उतरली. पुरुषांच्या खांद्यांवर उपरणी, बायकांचे पदर तोंडावर, दोघांच्या डोक्यावर फडक्यात बांधलेल्या भाकरींच्या टोपल्या आणि पिठल्याचं पातेलं. आणि सगळ्यांपुढे अक्का, छाती बडवत, अहिराणीत टाहो फोडत.

"मन्हा भाऊ गया वं माय! मन्हा भाऊ गया!"

नानांनी दार उघडलं. हातात मुळा, गालात मुळा.

अक्काचा हात छातीवर तसाच थांबला. "तू जित्ता शे?"

नाना कुर्रम करून घास चावत म्हणाले, "शे."

"मंग मरनं कोन? सिंधू?"

"सिंधू आत मटकी निवडी राह्यनी."

"मंग चूल काबरं पेटत नही?"

"मन्ही मर्जी."

मी भिंतीआड वाकून बसलो होतो. पण नानांचा आवाज सगळ्यांनाच ऐकू येतो. "आमच्या सरांनी सांगितलं असेल. ते काय, भिंतीमागे पुदिना मोजताहेत." अकरा जणांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही. दुखवट्याची भाकरी जिवंत माणसाच्या घरात न्यायची नाही आणि परतही न्यायची नाही, म्हणून त्या टोपल्या शिक्षा म्हणून आमच्या घरात आल्या. आम्ही दोन दिवस पिठलं खाल्लं.

नानांनी त्या अकरा जणांना तिथेच अंगणात पंगत घातली. कच्चे पोहे, मेथी, काकडी आणि नाकात जाणारा सोडा. अक्काच्या तोंडात चार दात. त्यातले दोन समोरासमोर नाहीत. नाना तिला वाढत होते आणि म्हणत होते, "दातांना काम द्या, अक्का!" अक्काने ताट बाजूला सारलं. उठली, जीपजवळ गेली आणि वळून बोलली. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं.

"भाऊ, ध्यानमां ठेव. आखाजीले मी येसू. सिंधूना हातना मांडा खासू. चूल पेटनी ते हाई मन्हं माहेर. नही पेटनी ते सरनं."

आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. दिवाळीपेक्षा मोठी. लेकी-बहिणी माहेरी येतात, झोके बांधतात, पितरांची घागर भरतात आणि निखाऱ्यावर घास टाकून पितरांना जेवू घालतात. अक्काचे आई-वडील केव्हाच गेले. नानांचं घर तेवढं माहेर उरलेलं. सत्तर वर्षांच्या बाईने माहेर सरलं म्हणणं ही थट्टा नव्हती. जीप गेल्यावर नाना पायरीवर बसून राहिले. हातातला मुळा संपवला नाही.

मार्च गेला, एप्रिल गेला. आखाजी दोन दिवसांवर आली तरी भिंतीवर शेगडी तशीच, पुदिना तसाच. मला आता राग यायला लागला होता. हट्टाला काही सुमार? बहिणीचं माहेर तोडायचं, बायकोच्या हाताला गंज चढवायचा, आणि कशासाठी, तर मुळ्यासाठी! मी ठरवलं, आज स्पष्ट बोलायचं.

संध्याकाळी नानाच आमच्याकडे आले. खुर्चीच्या कडेवर बसले. रेखाला म्हणाले, "रेखाताई, एक काम होतं. परवा सकाळी दोन-तीन तास आमच्याकडे येऊन उभ्या राहाल का? फक्त वास घ्यायला."

"वास? कसला?"

नानांनी दाराकडे पाहिलं. मग त्या माणसाने इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला पुढे वाकावं लागलं.

"सिंधूला वास येत नाही. गेल्या पावसाळ्यात तो ताप आला होता ना, त्यात गेला. डॉक्टर म्हणाले, येईल. नाही आला. वासाबरोबर चवही गेल्यातच जमा. खारट, आंबट कळतं, बाकी सगळा चोथा. आधी तिने सांगितलंच नाही. वासावर स्वयंपाक करणारी बाई ती. हिंग केव्हा फुलला, लसूण केव्हा झाला, पुरण केव्हा उतरवायचं, बठ्ठं नाकाने. मग डाळ लागायला लागली. फोडण्या जळायला लागल्या. ही उभी असायची शेजारी आणि हिला पत्ता नसायचा."

रेखा खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"दिवाळीत फराळ दिला तिने सगळ्यांना. सर, तुम्ही भिंतीवरून म्हणालात, काकू, चिवडा काय नानांच्या बॉयलरमधून काढला का?"

म्हटलं होतं. मी म्हटलं होतं, आणि स्वतःच्या विनोदावर हसलोही होतो. दाणे जळके होते.

"थट्टाच होती तुमची, मी कुठे काय म्हणतो. पण ती दोन दिवस जेवली नाही. कोठीघरात बसून रडली. म्हणाली, माझा हात गेला. आणि त्या शनिवारी मी भाजी घेऊन आलो, तर फाटकातच मला गॅसचा वास. वाऱ्याने शेगडी विझलेली, गॅस चालू. आणि ही तिच्यापुढे उभी, हातात लायटर." नानांनी अंगठा दाबून दाखवला. "मी हातातली पिशवी टाकून धावलो. दुसऱ्या दिवशी शेगडी बाहेर."

"नाना, मग सांगायचं ना आम्हाला!" रेखा म्हणाली.

"काय सांगायचं? सिंधूचा हात बिघडला, म्हणून? ती या घरात आली तेव्हापासून लोक तिच्या हातचं नाव काढतात. तेवढं एकच तिला आवडतं, दुसऱ्याला खाऊ घालणं. त्यापेक्षा नाना वेडा झाला, हे बरं. मला काय फरक पडतो? मला कुठे मुली द्यायच्या आहेत." ते जरासे हसले. "कुरकुरीत तिला कळतं. झोंबलेलं कळतं. सोडा नाकात गेला की कळतो. म्हणून तेवढ्यातच जेवण बसवलं. मी अक्काला नाही म्हणूनच सांगणार होतो. तुटलं माहेर तर तुटलं. पण काल सिंधूच म्हणाली, माझ्यापायी अक्कांचं माहेर जायला नको, मांडे मी करीन. आणि रात्रभर जागी. भर पंगतीत मांडा जळला आणि अक्का बोलली, तर?"

मला त्या क्षणी माझी इतकी लाज वाटली की मी उठून आत गेलो आणि उगाच पाणी प्यालो. सहा महिने मी या माणसाची स्टाफरूममध्ये नक्कल करून दाखवत होतो.

मग तिघांनी मिळून बेत केला. विस्तव अंगणात, लाकडांचा, डोळ्यांना दिसणारा. रेखा काकूंच्या शेजारी. पुरण झालं, मांडा उलटायचा झाला की रेखाने म्हणायचं, "काकू, पदर." जळायला लागलं तर म्हणायचं, "काकू, बांगड्या." नानांना हे संकेत इतके आवडले की त्यांनी ते दोनदा मोठ्याने म्हणून पाहिले आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवला. घरी जाऊन त्यांनी काकूंनाही ते पढवले.

आखाजीला सकाळीच अक्का आली. या वेळी पाचच माणसं आणि भाकरीची टोपली नाही. अंगणात तीन दगडांवर पालथं खापर, खाली बाभळीची लाकडं. धूर पाहिला आणि अक्काचा चेहरा सैल झाला. तिने घागर भरली, कुंकू लावलं आणि खापरासमोर खाटेवर ठाण मांडलं.

पुरण ठीक उतरलं. रेखा एकदाच "पदर" म्हणाली. काकूंनी गोळा घेतला आणि हातांवर खेळवायला लागल्या. वर्षभराने हे हात पुन्हा पाहत होतो आम्ही. गोळा मनगटावर आला, मनगटावरून कोपरावर, पलीकडचं दिसेल इतका पातळ, आणि अलगद खापरावर. कोणीतरी 'वा' म्हणालं. काकूंच्या कपाळावर घाम होता, पण चेहरा फुलला होता.

घोटाळा रेखाने केला. पाहुणे, धूर, ऊन, त्यात ही जबाबदारी. ती घाबरून घडोघडी "पदर, काकू, पदर" म्हणायला लागली, आणि काकू कच्चाच मांडा उलटायला जायच्या.

"हाई पोर सारखी पदर पदर काय करी राह्यनी?" अक्काने विचारलं. "पदर ते जागावर शे!"

रेखा गोरीमोरी झाली आणि गप्पच बसली. पुढच्या मांड्याची कड खापरावरून खाली लोंबली आणि जाळात गेली. जळका वास भपकन अंगणभर झाला. आम्ही सगळ्यांनी नाकं मुरडली. नाना आमरसाचं पातेलं सोडून अर्धे उठले. आणि काकू? काकू पुढचा गोळा हातावर घेऊन शांतपणे हसत होत्या. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

अक्काने जळक्या मांड्याकडे पाहिलं. काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. नानांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता संपलं सगळं.

अक्का खाटेवरून उठली. रेखाला म्हणाली, "तू सरक." तिच्या जागी पाटावर बसली, गुडघा काकूंच्या गुडघ्याला लागेल इतकी जवळ, आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा हुकमी आवाजात सुरू झाली.

"हं सिंधू, टाक. थांब. आते थांब. आते वास सुटना, उलट. उतार. दुसरा टाक."

जमलेल्यांना वाटलं, म्हातारी नेहमीसारखी हुकूम सोडतेय. तिचा मुलगा म्हणालासुद्धा, "आई, मामीला करू दे की तिच्या मनाने." अक्काने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. शेवटच्या मांड्यापर्यंत ती तिथून हलली नाही. मांडे असे झाले होते की बोलायचं काम नाही. निखाऱ्यावर पितरांचा घास पडला, पंगत बसली. आमरस नानांनी काढला होता. "हा आमच्याच पंथाचा, याला विस्तव लागत नाही," असं ओरडून ते वाढत फिरत होते. अक्काने चार दातांनी तीन मांडे खाल्ले.

निघताना ती भावाला म्हणाली, "पुढला आखाजीले मी आठ दिन पहिले येसू." नाना काहीतरी सांगायला गेले, तर तिने त्यांच्या तोंडापुढे हात धरला. काकूंना मात्र जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत बराच वेळ उभी राहिली.

पाहुणे गेले. मी आणि रेखा आमरसाची भांडी घासत नळाशी बसलो होतो. काकू आता कुठे जेवायला बसल्या, ओसरीवर, एकट्या. नानांनी आपला पाट ओढून त्यांच्या शेजारी ठेवला. काकूंच्या ताटातल्या मांड्याचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"गूळ आहे," नाना म्हणाले. "जुना. जरा खारट वासाचा. मग विलायची. मग गहू... गिरणीतून पीठ गरम पडतं ना पिशवीत, तसा."

काकू हळूहळू चावत होत्या. "जायफळ?"

"आहे. मागून येतं."

"आणि धूर? धूर लागलाय का?"

"लागलाय थोडा. बाभळीचा. चांगला लागलाय."

काकूंनी दुसरा घास घेतला. "आणि?"

नानांनी तोच तुकडा पुन्हा नाकाशी नेला.